फॅक्सनंतरचा फोन

फॅक्स मी पाठवला होता, हे खरं आहे. त्यानंतर फोन केला नाही, हेही खरं आहे. पहिलं वाक्य मी एकाच माणसाला ऐकवलं. दुसरं अगदी अलीकडेपर्यंत कुणालाच सांगितलं नाही.

बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी पुण्याहून वर्क परमिटवर आम्ही नवरा-बायको ग्लासगोला आलो, तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. घर मिळालं ते शहराबाहेर, ट्रेनने पंचवीस मिनिटांवरच्या एका लहान गावात. मागच्या खिडकीतून फुटबॉलचं मैदान दिसायचं. एका बाजूला पत्र्याच्या छपराचा स्टँड, बाकी तीन बाजूंना नुसता कठडा. खालच्या डिव्हिजनमधला क्लब. खेळाडू सगळे दिवसा दुसऱ्या नोकऱ्या करणारे. कुणी प्लंबर, कुणी पोस्टमन, एक चक्क शाळेत भूगोल शिकवणारा. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी मॅच.

मी क्रिकेटमधला माणूस. पण शनिवारी दुपारी त्या गावात दुसरं करणार काय? जायला लागलो. मॅचच्या दिवशी विकायचा जो चार पानी प्रोग्रॅम असे, त्यातल्या इंग्रजीच्या चुका बघून मला राहवेना. एकदा पेन्सिलने सगळ्या दुरुस्त केल्या आणि तो कागद तिकिटाच्या खिडकीत परत दिला. आता वाटतं, हा आगाऊपणा होता. पुढच्या शनिवारी क्लबचा चेअरमन मला शोधत स्टँडमध्ये आला. गावातल्या फर्निचरच्या दुकानाचा मालक, आडवा गृहस्थ.

"तो पेन्सिलवाला तूच का?"

"हो."

"मग पुढचा प्रोग्रॅम तूच लिही. नाहीतर गप्प बैस."

मी लिहिला. वर्षभरात क्लबचा बिनपगारी सेक्रेटरी झालो. खेळाडूंचे रजिस्ट्रेशनचे फॉर्म, लीगशी पत्रव्यवहार, बोर्डाच्या मीटिंगचं इतिवृत्त, रेफरीचा चहा, सगळं माझ्याकडे. कागदाचं काम मला मनापासून आवडायचं. कागद कधी "पार्डन?" म्हणत नाही.

कारण बोलण्याची माझी पंचाईत होती. समोरासमोर निभायचं, हातवारे करता येतात, हसता येतं. फोनवर मात्र त्यांचं मला कळायचं नाही आणि माझं त्यांना. पुण्यात माझ्या इंग्रजीचं कौतुक ऐकत मी मोठा झालो होतो, म्हणून ते जास्तच लागायचं. घरचे फोन, गॅसवाल्याचे, कौन्सिलचे, डॉक्टरचे, सगळे बायको करायची. ती बिनधास्त. समजलं नाही तर सरळ म्हणायची, "पुन्हा सांगा, हळू सांगा." मला ते जमत नसे.

तिकडे मॅनेजरला सगळे गॅफर म्हणतात. मीही म्हणायचो. तो तेव्हा पन्नाशीच्या आसपास होता. उंच, मधोमध मोडलेलं नाक, उजव्या गुडघ्यावर जुनं ऑपरेशन, त्यामुळे पायऱ्या उतरताना कठड्याला धरून, आडवा होऊन उतरायचा. सोळाव्या वर्षी ग्लासगोच्या एका मोठ्या क्लबने त्याला घेतलं आणि दोन वर्षांनी सोडून दिलं. मग सतरा वर्षं तो इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये सेंटर-हाफ म्हणून, बचावफळीच्या मधोमध, खेळला, चार गावं, चार क्लब. वडिलांच्या हट्टाने सुतारकाम शिकून ठेवलं होतं, ते गुडघा गेल्यावर उपयोगी पडलं. दिवसा लोकांच्या घरी किचनची कपाटं बसवायची आणि संध्याकाळी कोचिंग. असं करत करत आमच्या क्लबचा मॅनेजर झाला होता.

मला तो "प्रोफेसर" म्हणायचा. चेष्टा असायची, पण वाईट नसायची.

"प्रोफेसर, ह्या विंगरबद्दल काय लिहिलंयस? 'उपजत चापल्य'? अरे, त्याला सांग की पळतोस चांगला. हे वाचून तो डॉक्टरकडे जाईल."

आम्ही त्या गावात आल्यानंतरच्या तिसऱ्या मोसमात क्लब चांगला खेळू लागला. ऑगस्टमध्ये गॅफरने वरच्या डिव्हिजनमधून सुटलेला एक विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा फॉरवर्ड, पटवून आणला. त्याच सुमारास एक बातमी क्लबमध्ये फिरू लागली. पूर्ण वेळ, पगारी खेळाडू असलेल्या एका मोठ्या क्लबचा मॅनेजर जाणार होता, आणि त्यांचं लक्ष आमच्या गॅफरवर होतं. त्यांची माणसं दोनदा येऊन स्टँडमध्ये बसून गेली. गॅफर उघड काही बोलत नसे. एकदाच, जाळ्या गुंडाळताना म्हणाला, "झालं तर सकाळी उठून फक्त फुटबॉल करायचा. सुतारकाम बंद. गुडघा गेल्यानंतर असं वाटलंच नव्हतं." एवढं बोलून त्याने विषय बदलला.

नव्या विंगरचा फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लीगच्या कचेरीत पोचायला हवा होता. तीन पानं. गुरुवारी प्रॅक्टिसनंतर गॅफरने सह्या करून माझ्या हातात दिली. क्लबचं फॅक्स मशीन बंद पडलं होतं.

"ऑफिसातून करतो," मी म्हणालो.

"कर. आणि फॅक्स केलास की त्यांना फोन कर. मिळाला का विचार. तिथली बाई नाव लिहून घेते, मग काळजी नाही."

हा तिथला रिवाजच होता. सगळे सेक्रेटरी फॅक्सनंतर फोन करायचे. मी आधी दोनदा केला होता. त्या बाईने दोन्ही वेळा माझं आडनाव तीन-तीनदा विचारलं, आणि दुसऱ्या वेळी ती हसली. कुत्सित नव्हती. मागे कुणी काही बोललं असेल, त्यालाही हसली असेल. पण मी ते हसणं घेऊन बसलो होतो.

शुक्रवारी लंचच्या वेळात मी बँकेच्या मशीनमधून तीन पानं पाठवली. मशीनने पावती दिली. तीन पानं, ओके. ती पावती मी घडी करून पाकिटात ठेवली. फोनकडे बघितलं. शेजारच्या टेबलावर दोघंजण सँडविच खात बसले होते. त्यांच्यादेखत आडनावाचं स्पेलिंग ओरडून सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, ओके आलंय ना, झालं तर मग.

विंगर पुढच्या तीन मॅच खेळला. तिन्ही आम्ही जिंकलो. क्लब लीगच्या टेबलात, म्हणजे गुणतक्त्यात, दुसरा आला.

तिसऱ्या मॅचनंतरच्या सोमवारी लीगच्या कचेरीतून गॅफरला फोन आला. ह्या खेळाडूचं रजिस्ट्रेशन आमच्याकडे नाही. रात्री ते माझ्याही कानावर आलं.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसात गेलो तो थेट मशीनपाशी. झाकणावर एक बारीक चित्र होतं. कोपरा दुमडलेला कागद आणि खाली तोंड केलेला बाण. म्हणजे लिहिलेली बाजू खाली. आमच्या क्लबच्या जुन्या मशीनमध्ये लिहिलेली बाजू वर ठेवायची. मी सवयीने तशीच ठेवली होती. खात्रीसाठी एक कागद तसाच वरच्या मजल्यावरच्या मशीनला पाठवला आणि जिना चढून बघायला गेलो. कोरा पांढरा कागद बाहेर आलेला होता. लीगच्या कचेरीत तीन कोरे कागद गेले होते. वर बँकेचा नंबर, क्लबचं नाव कुठेच नाही. कुणीतरी ते केरात टाकले असणार.

फोन केला असता तर पाच वाजायला चार तास बाकी होते.

बुधवारी संध्याकाळी बोर्डाची मीटिंग होती. त्याआधी गॅफरने मला कपड्यांच्या खोलीत बोलावलं. धुतलेल्या जर्सींचा ओला वास, खिळ्यांना टांगलेले मोजे. दार लावून तो बाकावर बसला, पाय लांब करून.

"फॅक्स केलास ना?"

"केला. ओके आलं होतं." मी पाकिटातली पावती काढून दाखवली.

त्याने बघितली, परत दिली. "आणि फोन?"

इथे मी थांबलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. चूक कुणाचीही होते. कागद उलटा जाऊ शकतो.

"केला," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. माप घेतल्यासारखं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. "बरं. चल."

मीटिंग बारच्या शेजारच्या खोलीत झाली. चेअरमन, बोर्डाचे तिघं, गॅफर आणि इतिवृत्त लिहायला मी. चेअरमनने सरळ विचारलं, "फॉर्म गेला का नाही?"

मी वहीत तारीख लिहीत होतो. गॅफर म्हणाला, "नाही गेला. माझ्याकडेच राहिला. व्हॅनमध्ये. मी प्रोफेसरला द्यायला विसरलो."

माझं पेन थांबलं. पुन्हा चालू झालं. चेअरमनने टेबलावर हात आपटला, शिव्या घातल्या. एकजण म्हणाला, "सुतार तो सुतारच!" गॅफर ऐकून घेत होता. मधे दोनदा त्याने माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही वेळा मी वहीकडे बघितलं. घरी जाऊन मी इतिवृत्त नीट टाइप केलं. 'मॅनेजरच्या निष्काळजीपणामुळे कागदपत्रं वेळेत पाठवता आली नाहीत. त्यांनी जबाबदारी मान्य केली.' शब्द माझे. 'निष्काळजीपणा' हा शब्द मीटिंगमध्ये कुणीच वापरला नव्हता. मला तो चपखल वाटला.

लीगने तिन्ही विजयांचे गुण काढून घेतले. क्लब तळाशी गेला. पंधरा दिवसांत बोर्डाने गॅफरला काढलं. मोठ्या क्लबची माणसं पुन्हा आली नाहीत. ज्याला एक फॉर्म सांभाळता येत नाही त्याला क्लब कोण देणार? त्यानंतर त्याला मॅनेजर म्हणून कुणीच घेतलं नाही.

मी मात्र आणखी अडीच वर्षं सेक्रेटरी राहिलो. लंडनला बदली झाली तेव्हा क्लबने मला काचेचं एक भांडं दिलं, 'निष्ठावान सेवेबद्दल' असं कोरलेलं. लंडनच्या पिनर भागातल्या घरात आल्यावर मी ते खोक्यातून न काढताच लॉफ्टवर टाकलं. दर वर्षी मी गॅफरला ख्रिसमस कार्ड पाठवायचो. आत छापील मजकूर आणि माझी सही. त्याच्याकडून पहिली दोन वर्षं आलं, मग बंद झालं. मी पाठवतच राहिलो.

गेल्या हिवाळ्यात पोस्टाने एक पुस्तिका आली. क्लबचा इतिहास. माजी सेक्रेटरी म्हणून मला सप्रेम. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चाळली. त्या मोसमाच्या पानावर माझंच वाक्य होतं, जसंच्या तसं. मॅनेजरच्या निष्काळजीपणामुळे. सतरा वर्षं खेळून आणि पाच वर्षं क्लब चालवून गॅफरबद्दल तिथे एवढंच राहिलं होतं.

बायको कणीक मळत होती. "काय रे? कुणी गेलं का?"

मी तिला सगळं सांगितलं. कोरे कागद, फोन, कपड्यांची खोली. तिने हात थांबवले नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाली, "अरे, मला सांगायचंस ना. मी केला असता फोन."

खरोखर तिने केला असता. दोन मिनिटांत.

"आता जा," ती म्हणाली. "पत्र नको लिहूस. तू पत्रं फार छान लिहितोस."

त्या शनिवारी लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून ट्रेनने त्या गावी गेलो. दार गॅफरच्या बायकोने उघडलं. बारीक, पांढऱ्या केसांची, गावातल्या शाळेत जेवण वाढायची. मला ओळखून म्हणाली, "अगं बाई, सेक्रेटरी! कार्डवाला!" मला बैठकीच्या खोलीत पोचवून ती स्वयंपाकघरात गेली. गॅफर खिडकीपाशी खुर्चीत होता. आता दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. टीव्हीवर मॅच होती, आवाज बंद.

"प्रोफेसर," तो म्हणाला. "जाडा झालास."

मी बसलो आणि लगेच बोललो, नाहीतर बोललोच नसतो. "गॅफर, तो फोन मी केला नव्हता. फॅक्सचे कागदही उलटे घातले होते. मला मंगळवारीच कळलं होतं."

"माहीत आहे."

"काय?"

"बुधवारी दुपारी मीच त्या बाईला फोन केला होता. ती म्हणाली, 'तुमच्या सेक्रेटरींचा फोन आला असता तर माझ्या लक्षात राहिला असता, मला त्यांचं बोलणं ऐकायला आवडतं.'" तो टीव्हीकडेच बघत होता. "तू खोलीत 'केला' म्हणालास, तेव्हा मला माहीत होतं."

"मग व्हॅनचं का सांगितलंत?"

हे मी मराठीत लिहितोय म्हणून 'सांगितलंत'. पण त्या दिवशी त्याच्याशी इंग्रजीत बोलतानाही माझ्या मनात 'अहो'च होतं.

तो म्हणाला, "तुला वाचवायला नाही, उगाच फुगू नकोस. सेक्रेटरीची चूक म्हटलं असतं तर चेअरमनने तुला त्याच रात्री हाकललं असतं. मग फॉर्म कोण भरणार? त्या क्लबमध्ये दुसऱ्या कुणाला लिहिता येत होतं का? आम्ही दुसरे होतो टेबलात. मला वाटलं, मला चार शिव्या देतील आणि सोडतील. माझा अंदाज चुकला."



"आणि मला वाटलं," तो म्हणाला, "मीटिंग संपायच्या आत तू तोंड उघडशील. मग वाटलं, उद्या येईल. पहिलं वर्षभर दारावर कुणी आलं की मला तूच वाटायचास. त्यानंतर वाट बघायचं सोडलं. तुझी ती कार्डं, सही करून! बायको शेल्फवर लावायची. मी उलटी करून ठेवायचो."

"माफ करा," मी म्हणालो.

"ते बघू." त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तिला माहीत नाही. तिला मी व्हॅनचंच सांगितलंय. तिला खरं सांगितलं असतं तर ती त्याच संध्याकाळी तुझ्या दारात येऊन उभी राहिली असती. आणि मग वेळ निघून गेली, कसं सांगायचं ते कळेना. तिला सांग. आता, जाऊन. मी इथे बसतो."

ती सिंकपाशी बटाटे सोलत होती. मी दारातच उभा राहिलो आणि सांगितलं, पुस्तिकेतल्या वाक्यासकट. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही नसतं. ती ऐकत राहिली, सोलाणं हातात धरून.

"फोन का नाही केलास?"

"बोलायची लाज वाटत होती. माझं बोलणं त्यांना कळायचं नाही."

"मला तर कळतंय," ती म्हणाली.

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि मला ओलांडून बैठकीत गेली. मी मागे गेलो. ती त्याच्यासमोर टीव्ही अडवून उभी राहिली.

"किल्ली हरवली, व्हॅन. चष्मा विसरला, व्हॅन. पाहुण्यांसमोर, आपल्या मुलीच्या लग्नात, सगळ्यांदेखत मी तुला व्हॅनमधला कागद ऐकवत आले. आणि तू ऐकून घेत होतास?"

"सवय झाली होती," तो म्हणाला.

ती हसली नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. मला वाटलं होतं, ती मला बाहेर काढेल. तिने विचारलं, "ते पुस्तक कुणी छापलं?"

"क्लबनेच."

"मग लिही त्यांना. इथे बस आणि लिही."

तिने जेवणाचं टेबल मोकळं केलं, वही आणि पेन आणून ठेवलं. मी अर्धं पान लिहिलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, 'गैरसमजामुळे ही जबाबदारी मॅनेजरवर टाकली गेली.'

"गैरसमज कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"मग काढ."

मी खोडलं. 'मी फोन केला नव्हता आणि केला असं खोटं सांगितलं,' असं लिहिलं. तिने पुन्हा वाचलं.

"फार मोठं नको लिहू देऊ त्याला," गॅफर खुर्चीतून म्हणाला. "कुणी वाचत नाही."

"वाचतील," ती म्हणाली. "नाही वाचलं तर मी जाऊन वाचून दाखवीन."

मी सही केली. तिने ड्रॉवरमधून पाकीट आणि तिकीट काढलं, पत्ता तिच्या अक्षरात लिहिला आणि कोट घातला. पोस्टाची पेटी रस्त्याच्या टोकाला होती. आम्ही दोघं चालत गेलो. पेटीपाशी तिने पाकीट माझ्या हातात दिलं आणि मी ते आत टाकेपर्यंत शेजारी उभी राहिली.